पॅरोल आणि फर्लो

प्रश्न असा आहे: बातम्यांत कधी 'कैदी पॅरोलवर सुटला' असं येतं, कधी 'फर्लोवर बाहेर आला' असं. दोन्ही एकच का, आणि मराठीत काय म्हणावं?

एकच नव्हेत. दोन्ही रजा शिक्षा झालेल्या कैद्यालाच मिळतात; कच्च्या कैद्याला मिळतो तो जामीन. पॅरोलला मात्र कारण लागतं. घरात मृत्यू, गंभीर आजारपण, लग्न असं काही दाखवावं लागतं. फर्लोला असं कारण लागत नाही. लांब मुदतीच्या कैद्याने शिक्षेचा ठरावीक भाग भोगला, वागणूक चांगली ठेवली, तर घरच्यांशी नातं टिकावं म्हणून ती देतात. तरी ती मागितली की मिळालीच असा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली स्पष्ट केलं आहे. कैद्याच्या लेखी सगळ्यात मोठा फरक दिवसांच्या हिशोबाचा. महाराष्ट्राच्या 1959 च्या नियमांप्रमाणे फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे धरले जात नाहीत. पॅरोलवर महिनाभर घरी राहिलेल्याला तो महिना पुढे तुरुंगात काढावाच लागतो.

आता शब्दांकडे. पॅरोल म्हणजे फ्रेंचमध्ये शब्द, वचन. युद्धकैदी पुन्हा शस्त्र उचलणार नाही असा शब्द देई आणि त्यावर त्याला सोडत. फर्लो आला डच 'फरलॉफ'वरून, अर्थ रजा. आधी तो सैन्यातला शब्द. इंग्रजी अमदानीत विलायतेला जाणारे साहेबलोकही फर्लोच घेत. 2020 मध्ये ब्रिटनमध्ये काम थांबल्याने घरी बसवलेल्या नोकरदारांसाठीही हाच शब्द चालला. अमेरिकेत पॅरोल म्हणजे बहुधा मुदतीआधी, देखरेखीखाली झालेली सुटका. तिकडच्या मालिका पाहून आपल्याकडच्या बातमीचा अर्थ लावला, की घोटाळा होतो.

आपल्या तुरुंग खात्याचे मराठी शब्द मला फार नेमके वाटतात: पॅरोल ती अभिवचन रजा, फर्लो ती संचित रजा. पहिल्यात दिलेलं वचन आहे, दुसऱ्यात शिक्षा भोगता भोगता साठलेली रजा. सरकारी परिभाषेला आपण एरवी नावं ठेवतो, पण इथे तिने मूळ अर्थ अचूक पकडला आहे. वर्तमानपत्रांनी हेच शब्द वापरावेत. आणि 'सुटला' तर मुळीच लिहू नये. तो रजेवर आलेला असतो, मुदत संपली की त्याला परत हजर व्हायचं असतं.