ब्रिटनने लहान मुलांना खरंच काळ्या पाण्यावर पाठवलं होतं का? आणि तेही पाव चोरला म्हणून?

हो, पाठवलं होतं, मुख्यतः ऑस्ट्रेलियाला. पावाची गोष्ट मात्र जरा बाजूला ठेवा. भुकेल्या, निष्पाप पोराची ती गोष्ट ऐकली की आपल्याला गलबलून येतं, पण कागदपत्रांत दिसणारी बरीचशी मुलं खरोखरच चोऱ्या करत होती. रुमाल, कपडे, दुकानातलं किरकोळ सामान, असल्या चोऱ्या. म्हणून त्यांच्यावरचा अन्याय रतीभरही कमी होत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

जॉन हडसनचंच घ्या. 1783 च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ओल्ड बेली कोर्टात उभा राहिला तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आईबाप नव्हते. घरांची धुराडी साफ करायचं काम करायचा. एका घरातून त्याने सदरा, रेशमी मोजे, एक पिस्तूल आणि दोन एप्रन उचलले, असा आरोप होता. खिडकीशी आणि आतल्या टेबलावर काजळीने माखलेल्या हातापायांचे ठसे सापडले, हा एक पुरावा. घरफोडीला तेव्हा फाशी होती. ज्यूरीने तेवढा आरोप काढून टाकला आणि चोरीसाठी सात वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली. आधी त्याला अमेरिकेच्या वाटेवर जहाजात चढवलं, त्या जहाजावर कैद्यांनी बंड केलं. पुढे 1787 मध्ये ऑस्ट्रेलियाला निघालेल्या, कैद्यांच्या जहाजांच्या पहिल्या ताफ्यात तो होता. तिथून नॉरफोक बेटावर रवानगी झाली आणि रात्री नऊनंतर झोपडीबाहेर सापडला म्हणून 50 फटके बसले.

कायदा काय म्हणत होता? सात वर्षांखालच्या मुलावर खटला नाही. सात ते चौदा या वयात मुलाला गुन्ह्याची समज नसते असं धरून चालायचं, पण समज होती असं सरकारी बाजूने दाखवलं की मोठ्यांसारखीच शिक्षा. 1788 ते 1868 या काळात सुमारे 1 लाख 62 हजार कैदी ऑस्ट्रेलियाला गेले. त्यांत ही मुलंही होती.

मुलांसाठी वेगळी सोय झाली ती 1834 मध्ये, आजच्या टास्मानियात. पोर्ट आर्थर तुरुंगासमोर, खाडीपलीकडे, पॉइंट प्युअर नावाच्या उघड्या कड्यावर. 1849 पर्यंत साधारण तीन हजार मुलं तिथून गेली. जमीन नापीक, गोड्या पाण्याची टंचाई. सुतारकाम, चांभारकाम, शिवणकाम, होड्या बांधणं, दगड घडवणं शिकवायचे. पोर्ट आर्थरच्या चर्चचा घडीव दगड या मुलांच्या हातचा आहे. छप्पर नसलेल्या त्या भिंती आजही उभ्या आहेत. चूक झाली की एकांतकोठडी, नुसता पाव-पाणी, नाहीतर फटके. मला सर्वांत जास्त खुपतं ते हे, की हे सगळं सुधारणेच्या नावाखाली चाललं होतं आणि चालवणाऱ्यांपैकी काहींचा त्यावर मनापासून विश्वास होता. 1843 मध्ये बेंजामिन हॉर्न यांनी पाहणी करून कडक टीका केली, तरी मुलांचा हा तुरुंग आणखी सहा वर्षं चाललाच.

इंग्लंडमध्ये पार्कहर्स्टला मुलांचा तुरुंग होता. तिथल्या मुलांना ‘माफी’ देऊन न्यूझीलंडला आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाला शिकाऊ कामगार म्हणून धाडलं. नाव बदललं, समुद्र तोच. त्यांतल्याच पंधरा वर्षांच्या जॉन गॅव्हिनने मालकाच्या मुलाचा खून केला. 1844 च्या एप्रिलमध्ये फ्रीमँटलला त्याला फाशी दिली.

काहींचं पुढे चांगलं झालं, हेही खरं. दुसऱ्या मुलीचे कपडे चोरल्याबद्दल मेरी वेडला अकरा वर्षांची असताना फाशीची शिक्षा झाली होती. ती बदलून तिला हद्दपार केलं आणि 1790 मध्ये ती सिडनीला पोचली. पुढे तिला 21 मुलं झाली असं सांगतात आणि ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान केविन रड तिच्याच वंशातले. तिचं नाव घेऊन ‘बघा, शिक्षेने आयुष्य घडलं’ असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात मान्य नाही. ती तरली ते स्वतःच्या चिवटपणावर. शिक्षा देणाऱ्यांना त्याचं श्रेय कशाला द्यायचं?