मनी, मणी आणि मोनेटा

प्रश्न : एका रोमन नाण्याचा फोटो पाहण्यात आला. बाईचे डोके आणि त्यामागे रोमन लिपीत ‘मोनेटा’ अशी अक्षरे. ही कुठली राणी? आणि इंग्रजी ‘मनी’ हा शब्द आपल्या ‘मणि’वरून गेला असे सगळीकडे फिरते आहे, ते खरे का?

उत्तर : राणी नव्हे हो! नाण्यावर बाई दिसली की राणी, ही खोड आधी सोडा. रोमन नाण्यांवरच्या कितीतरी बायका देवता असतात, नाहीतर शांती, समता असले गुणच बाईचे रूप घेऊन उभे असतात. तुमचे वर्णन तीतुस कारिसियुस या रोमन टांकसाळ-अधिकाऱ्याच्या इ. स. पू. ४६ मधल्या चांदीच्या दिनारशी जुळते. मागची बाजू पाहा : खाली ऐरण, एका बाजूला सांडशी, दुसऱ्या बाजूला हातोडा. थोडक्यात टांकसाळच. ऐरणीच्या वर माळ घातलेली एक वस्तू आहे. जुन्या सूचींत ती ‘वल्कन देवाची (रोमनांच्या लोहार-देवाची) टोपी’ म्हणून नोंदलेली असते. पण ऐरणीच्या वर, हातोड्याशेजारी टोपीचे काय काम? तो नाण्यावर छाप उठवणारा वरचा ठसा आहे, हे टांकसाळीचा विचार केला तर लगेच पटते.

मोनेटा हे जूनो देवीचे बिरुद. तिचे मंदिर रोमच्या कॅपिटोल टेकडीवर, इ. स. पू. ३४४ चे. टांकसाळ त्याच्या लगत, म्हणून टांकसाळही मोनेटा आणि तिथून निघालेला पैसाही मोनेटा. फ्रेंचमधून झिजत ते इंग्रजीत ‘मनी’ झाले. ‘मिंट’ही त्याच घरचे.

आता मणि. कृपा करून मनीचा मणी करू नका. मणीला लॅटिनमध्ये नातेवाईक बहुधा आहे, पण तो ‘मोनीले’, म्हणजे गळ्यातला हार. संस्कृत ‘मन्या’ म्हणजे मानेचा मागचा भाग, त्यावरून आपली ‘मान’. मानेत घालायचा तो मणी! गंमत अशी की मोनेटाचे नाते मणीशी नाही, मनाशी आहे. लॅटिन ‘मोनेरे’ म्हणजे आठवण देणे, बजावणे. शब्दाचे मूळ तेच, ज्यातून आपले मन, मती, मंत्र निघाले. म्हणजे ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ यातला ‘मनी’च इंग्रजी मनीला जवळचा. आमचा फुकटचा यमक-योग नाही हा, नाते बहुधा खरे आहे.

यावर काही व्युत्पत्तिकार नाक मुरडतात : ‘-एटा’ हा शेवट लॅटिनच्या नेहमीच्या घडणीत बसत नाही, तेव्हा शब्द परका असावा. असेल! पण कुठला, हे त्यांना एकमताने सांगता येत नाही. आणि रोमनांना स्वतःला त्यात ‘बजावणे’च ऐकू येत होते, हे कसे नाकारणार? रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो याने कथा दिली आहे : भूकंपानंतर जूनोच्या मंदिरातून आवाज आला, गाभण डुकरीण बळी द्या. म्हणून ती बजावणारी, मोनेटा. पुढे त्याच ग्रंथात तो खवचटपणे विचारतो की त्या डुकरिणीखेरीज मोनेटाने आम्हाला कधी कशाबद्दल बजावले? लोकांना मात्र डुकरीण आवडत नाही. ते गॉल लोकांच्या हल्ल्यात रोमला जागे करणाऱ्या कलहंसांची गोष्ट इथे चिकटवतात. कलहंस जूनोचेच, पण नावाचा उलगडा करताना सिसेरो त्यांच्याकडे वळत नाही.

हां, फोटोतली बाई नुसते डोके नसून हातात तराजू आणि शिंगाच्या आकाराचे फळांचे पात्र घेऊन उभी असेल, तर नाणे सम्राटांच्या काळातले. मग अक्षरे वाचल्याशिवाय बोलू नका. ‘मोनेटा’ आणि समतेची ‘एक्विटास’ हुबेहूब त्याच थाटात उभ्या असतात. ‘एव्हीजी’ दिसले तर ते ‘ऑगस्टसची’, म्हणजे सम्राटाची, याचे संक्षिप्त रूप, कारण तिथला व्ही हा आपला यू. अक्षरे झिजून गेली असतील तर तराजूवरून निकाल लागत नाही. विकणारा मात्र छातीठोकपणे ‘राणी’ म्हणून विकेल.