दोन्ही बाजू सारख्या असल्या तरी भेदभाव होतो का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सध्या इंग्लंडमध्ये मास्टर्स करतेय. युनिव्हर्सिटीतल्या एका स्टुडंट सोसायटीच्या लेक्चरला गेले होते, तर दारातच सांगितलं की मुली त्या बाजूला बसा. माझ्या वर्गातला मित्र दुसरीकडे. बायकांना मागे वगैरे बसवलं नव्हतं, दोन्ही बाजू सारख्याच होत्या, तरी मला ते खटकलं. मैत्रीण म्हणते त्यांच्या धर्माचा प्रश्न आहे, नुकसान कोणाचंच नाही, उगाच इश्यू करू नकोस. मी जास्तच विचार करतेय का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : अजिबात नाही गं. याच मुद्द्यावर ब्रिटनमध्ये २०१३ साली केवढा वाद पेटला होता. मार्चमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये इस्लाम की नास्तिकता अशा डिबेटला बायका-पुरुषांना वेगळं बसवायला लागले, तर वक्ते म्हणून आलेले फिजिसिस्ट लॉरेन्स क्राउस सरळ निघूनच चालले, आणि नंतर कॉलेजने त्या आयोजक संस्थेला कॅम्पसवर बंदी घातली. एवढं होऊनही नोव्हेंबरमध्ये युनिव्हर्सिटीज यूके, म्हणजे तिथल्या कुलगुरूंची संघटना, हिने बाहेरच्या वक्त्यांबद्दल गाइडन्स काढला आणि त्यात तुझी मैत्रीण म्हणते तेच लिहिलं, की शेजारी-शेजारी बसवलं, मागेपुढे नाही, तर बहुधा भेदभाव होत नाही, आणि असं बसवायला नकार दिला तर वक्त्याच्या भाषणस्वातंत्र्यावर गदा येऊ शकते. मला हे वाचून आजही राग येतो, कारण वक्त्याला बोलायला कोणीच अडवत नव्हतं, ऐकणाऱ्याने कुठे बसायचं हे तो का ठरवणार? डिसेंबरमध्ये लंडनमध्ये निदर्शनं झाली, पंतप्रधान कॅमेरॉन यांनीही विरोध केला, मग तो भाग मागे घेतला गेला.

आता 'दोन्ही बाजू सारख्या' या मुद्द्याचं बघ, खरी गोम तिथेच आहे. बर्मिंगहॅमच्या अल-हिजरा शाळेत मुलं-मुली एकाच शाळेत, पण नऊ वर्षांपुढे वर्ग, मधली सुट्टी, ट्रिप सगळं वेगळं. हायकोर्ट २०१६ मध्ये म्हणालं दोघांना सारखंच वागवताय ना, मग भेदभाव नाही. २०१७ मध्ये कोर्ट ऑफ अपीलने ते फिरवलं. मुली म्हणून गट आणि मुलगे म्हणून गट असं मोजायचंच नाही, एकेका मुलीकडे बघायचं, तिला एखाद्या मुलाशी बोलायचंय आणि ती निव्वळ मुलगी आहे म्हणून बोलू दिलं जात नाही, तर हा तिच्यावर अन्याय, आणि त्या मुलावरही तेवढाच. तुझ्या मित्राशेजारी बसायचं तुला मिळालं नाही, हेच ते नुकसान.

आणि धर्माचं म्हणशील तर साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांसाठी १९७९ पासून काम करणारी संघटना, तीही सेग्रिगेशनच्या, म्हणजे असं वेगळं बसवण्याच्या, विरोधातच उभी राहिली, अल-हिजराच्या केसमध्ये तर कोर्टात गेली. त्यामुळे याला विरोध केला की आपण कुठल्या समाजाच्या विरोधात जातो असं मनात आणू नकोस.

प्रार्थनेची गोष्ट वेगळी, तिथे कायद्यात सूट आहे. कोणाला आपणहून मैत्रिणींच्या घोळक्यात बसायचं असेल तर खुशाल बसावं, त्यात कोणाचं काय जातं. पण तिथल्या समानता आयोगाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक, कोणी कुठे बसा म्हणून सांगायचं नाही. तुला तर दारातच सांगितलं!

तेव्हा स्टुडंट युनियनला आणि युनिव्हर्सिटीच्या इक्वॅलिटी ऑफिसला साधा ईमेल टाक, तारीख, हॉल, कोण काय म्हणालं एवढंच लिही आणि विचार की इक्वॅलिटी ॲक्ट २०१० मध्ये हे कसं बसतं. उत्तर लेखीच माग. आणि तुझ्या मित्रालाही सही करायला सांग, त्यालाही हलवलंच होतं ना.