भाव आधी ठरतो, हिशेब नंतर बसतो

अनेक उत्तम आशीर्वाद.

सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात रुजू होणार आहेस, म्हणून हे आधीच लिहितो. पुस्तकात कच्च्या मालावर प्रक्रिया खर्च चढवून विक्रीचा दर काढायला शिकवतात. इथे उसाचा दर दिल्लीत ठरतो, साखरेचा किमान विक्री दर दिल्लीतच ठरतो आणि महिन्याला किती साखर विकायची तो कोटाही तिथूनच येतो. तुझ्या हातात राहतो तो मधला प्रक्रिया खर्च.

पहिल्याच दिवशी एक गणित करून बघ. 2025-26 ची एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, 10.25 टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) टनामागे 3550 रुपये आहे. एका टनात साखर 102.5 किलो, म्हणजे साखरेच्या किलोमागे नुसता ऊस 34.63 रुपयांचा. पुढे उताऱ्याच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला उसाच्या क्विंटलमागे 3.46 रुपये वाढतात, म्हणून उतारा 12 झाला तरी किलोमागचा ऊस तेवढ्यालाच पडतो. 'उतारा चांगला, ऊस स्वस्त' हे बैठकीतलं वाक्य खोटं आहे. हलका होतो तो प्रक्रिया खर्च. 9.5 च्या खाली मात्र दर 3290.50 वर थांबतो. 9 टक्क्यांना किलोला 36.56 पडतात. आणि दर मागच्या हंगामाच्या उताऱ्यावर द्यायचा असेल, तर मागचा 11.5 आणि यंदाचा 11 धरून बघ: 3982.50 भागिले 110, म्हणजे 36.20.

साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये केला, तो 2025 पर्यंत हलला नाही. बाजार त्याच्या वर असतो म्हणून चूल पेटते, शिवाय मळी, बगॅस (उसाचं चिपाड), वीज, इथेनॉल आहेच. पण त्या उत्पन्नालाही धनी दिल्लीच. 7 डिसेंबर 2023 ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली आणि आठवड्याभरात मर्यादा घालून परत मुभाही मिळाली. बजेटमध्ये इथेनॉल वेगळ्या ओळीत ठेव, साखरेच्या तोट्यात मुरवू नकोस.

जाहीर झालेला आकडाही उलगडून वाच. 2022-23 ला एफआरपी क्विंटलला 290 वरून 305 झाली, पण उताऱ्याचा पाया 10 वरून 10.25 वर नेला. वाढ 15 रुपयांची दिसली. साखरेच्या किलोमागे ती 76 पैशांची होती.

खरी कसोटी पहिल्या उचलीच्या, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या पहिल्या हप्त्याच्या वेळी. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत शेतकरी संघटनेची मागणी येते, शेजारचा कारखाना आधीच जास्त दर जाहीर करतो, त्यात आपल्या कारखान्याची निवडणूक तोंडावर असते. मग तुला दर परवडतो का हे कोणी विचारत नाही, 'बसवून दे' म्हणतात. तो बसवतात शिल्लक साखरेच्या मूल्यांकनात. चार लाख क्विंटल शिल्लक असेल आणि क्विंटलला 100 रुपये जास्त धरले, तर 31 मार्चला चार कोटी नफा कागदावर उगवतो. साखर तारण ठेवून बँकेकडून घेतलेली उचलही त्याच दरावर असली, तर विक्री कमी दराने झाल्यावर अपुरा दुरावा (तारण साखरेची किंमत कर्जाला कमी पडणं) तयार होतो, आणि तो फेडायला पुढच्या हंगामाची उचल लागते. दुसरी जागा ऑफ सीझन खर्चाची: दुरुस्ती पुढच्या वर्षात ढकलायची. तिसरी तोडणी-वाहतुकीची ॲडव्हान्स. मुकादम, म्हणजे तोडणी टोळीचा ठेकेदार, फिरकलाच नाही तरी रक्कम येणे बाजूला वर्षानुवर्षं तशीच बसते. कोणती रक्कम किती हंगाम थकली याचा तक्ता काढ आणि जुन्या थकबाकीला तोट्याची तरतूद कर, कोणाचा माणूस आहे ते न बघता.

दर जाहीर होण्याआधी संचालक मंडळापुढे एक पान ठेव: साखरेचे तीन संभाव्य दर, प्रत्येकाला टनामागे किती उरतं, आणि 14 दिवसांत पैसे द्यायला रोकड कुठून येणार. उशीर झाला तर 15 टक्के व्याज लागतं. त्याची नोंद दर महिन्याला घे, साखर आयुक्तांची नोटीस येण्याची वाट बघू नकोस. दोन हप्त्यांत एफआरपी देण्याचा 2022 चा राज्याचा निर्णय उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला, तेव्हा तो आधार धरून रोकडीचं वेळापत्रक करू नकोस.

दर शेवटी मंडळच ठरवणार, तो त्यांचा अधिकार. मात्र त्या पानाला जावक क्रमांक घातल्याशिवाय ते टेबलावरून हलू देऊ नकोस, आणि इतिवृत्तात त्याचा उल्लेख आला का ते सही करण्याआधी वाचून घे.