वाचकांचे प्रश्न : खोली आधी, स्पीकर नंतर

प्रश्न : गाणे ऐकण्यासाठी आम्ही एक खोली राखून ठेवली आहे. ती १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच आहे. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंती मोकळ्या. ऐकणे मुख्यतः ख्याल आणि नाट्यसंगीत. ॲम्प्लिफायर ८ ओहमला ४० वॅटचा आहे. दुकानदार आठ इंची वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाच्या) टॉवर, म्हणजे जमिनीवर उभ्या राहणाऱ्या उंच, स्पीकरचा आग्रह धरतात. लहान पेटीच्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये भरीवपणा येणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आम्ही काय घ्यावे?
(एक वाचक, मिरज)

उत्तर : आपण खोलीची मापे कळवलीत हे फार चांगले केलेत, कारण निवडीला तिथूनच सुरुवात करावी लागते. कोणत्याही बंद खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्यांचे खालचे स्वर अडकतात आणि फुगतात. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट धरला, तर आपल्याकडे असा पहिला फुगवटा लांबीमुळे ४७ हर्ट्झच्या, रुंदीमुळे ५६ हर्ट्झच्या आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झच्या आसपास येईल. रुंदी व उंची जवळजवळ सारखी असल्याने शेवटचे दोन फुगवटे एकाच जागी साचतील, आणि मोठ्या वूफरचा टॉवर नेमका त्याच पट्ट्यात जोर लावतो. दुकानाच्या प्रशस्त दालनात जो आवाज भरीव वाटला, तोच आपल्या खोलीत घुमू लागेल आणि डग्ग्याचा एक आघात विरण्याआधीच दुसरा त्यावर येऊन पडेल.

आता आपल्या संगीताची गरज पाहू. गायकाचा षड्ज काळी एक (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी) असेल, तर त्याच्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झचा असतो. गायिकेचा षड्ज काळी पाच असेल, तर तीच तार ११६ हर्ट्झच्या आसपास बोलते. म्हणजे साठ हर्ट्झपर्यंत स्वच्छ वाजणारा स्पीकर आपल्या संग्रहाला पुरेसा आहे, आणि साडेपाच ते साडेसहा इंची वूफरचा चांगला बुकशेल्फ स्पीकर तिथपर्यंत सहज पोहोचतो. चित्रपटांतील स्फोट किंवा पाश्चात्त्य चर्चमधील पाइप ऑर्गन ऐकायचा असता, तर गोष्ट वेगळी होती. बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांतील अरुंद जागेसाठी एलएस३/५ए हा स्पीकर घडवला, तो पाच इंची वूफरचा आणि बंद पेटीचा होता. मानवी आवाजाच्या खरेपणासाठी आजही त्याचे नाव निघते. बंद पेटीचा खालचा आवाज सप्तकामागे साधारण १२ डेसिबलने, म्हणजे सावकाश, उतरत जातो, तर छिद्राच्या पेटीचा २४ डेसिबलने. लहान खोलीत भिंती खालच्या स्वरांना आपणहून आधार देतात, त्यामुळे हा सावकाश उतार तिथे चांगला जुळतो. बंद पेटी मिळाली नाही, तर छिद्र पुढच्या बाजूला असलेला स्पीकर पाहावा.

आपला ४० वॅटचा ॲम्प्लिफायर पुरेसा आहे. ८ ओहमचा, ८६ डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे एका वॅटला एका मीटरवर ८६ डेसिबल वाजणारा) स्पीकर त्यावर एका मीटरवर सुमारे १०२ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो, आणि घरी ख्याल ऐकायला त्याहून पुष्कळ कमी लागते. माहितीपत्रकातील संवेदनशीलतेचा आकडा वाचताना एवढे पाहावे की तो २.८३ व्होल्टला दिलेला आहे की एका वॅटला, कारण ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे दोन वॅट होतात आणि आकडा ३ डेसिबलने फुगलेला दिसतो.

मांडणीला मात्र खरेदीइतकेच महत्त्व द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्पीकर दहा फुटी भिंतीकडे, एकमेकांपासून सहा फुटांवर ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट उरतील. मागच्या भिंतीपासूनचे अंतर याहून वेगळे, दीड फुटाच्या आसपास राखावे, कारण सर्व अंतरे सारखी झाली की एकाच कंपनसंख्येवर आवाजात खड्डा पडतो. ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा लहान भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर येईल असे जड स्टँड घ्यावेत. बैठक पाठीमागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर घ्यावी. खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नये, तिथे लांबीमुळे फुगणारा ४७ हर्ट्झचा स्वर जवळजवळ नाहीसा होतो. मग बाजूच्या भिंतीवरून कुणाला तरी आरसा सरकवत न्यायला सांगावे आणि बैठकीवरून ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल, तिथे पुस्तकांचे कपाट किंवा जाड पडदा येऊ द्यावा. टाइल्सवर जाड सतरंजी अंथरावी. टाळी वाजवल्यावर झणझणीत पडसाद उमटत असेल, तर तो घालवल्याशिवाय महागडे स्पीकर आणण्यात अर्थ नाही.

प्रश्न : दुकानात दोन-तीन जोड्या ऐकल्या की शेवटी सगळ्याच चांगल्या वाटतात. नेमके काय ऐकावे? माझ्याकडे ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून घेतलेले बरेच ध्वनिमुद्रणही आहे.
(एक वाचक, पुणे)

उत्तर : आधी सर्व जोड्यांचा आवाज एकाच पातळीवर आणून घ्यावा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो. शक्य असेल, तर कोणता स्पीकर वाजतो आहे ते न पाहता ऐकावे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, स्पीकर डोळ्यांसमोर असताना ऐकणाऱ्यांनी दिलेले गुण आणि पडद्याआड दिलेले गुण यांत मोठा फरक पडला होता. सरावलेले कानही त्याला अपवाद नव्हते.

तानपुरा लावून ऐकणे ही माझ्या मते आपल्याकडची सर्वांत कडक परीक्षा आहे. जवारीमुळे (घोडीवर तारेला मिळणाऱ्या झंकारामुळे) एका तारेतून वरच्या स्वरांशांची लांबलचक रांग निघते, आणि ती वूफर व ट्वीटर या दोघांत विभागून वाजते. दोघांचा सांधा नीट बसला असेल, तर खर्जापासून जवारीपर्यंत एकच तार बोलते. तो चुकला असेल, तर खाली स्वर आणि वर वेगळाच झणत्कार अशी फारकत ऐकू येते. मग खुर्चीतून उठून उभे राहावे, खोलीत दोन पावले बाजूला जावे. गाणाऱ्याचा आवाज तेवढ्याने पालटत असेल, तर तो स्पीकर घेऊ नये, कारण घरी भिंतींवरून परतणारा आवाजही तसाच बिघडलेला असेल. जुन्या तबकड्यांमध्ये वरच्या पट्टीत स्वर फारसा नसतो, खरखर मात्र असते. दुकानात लखलखीत वाटणारा ट्वीटर ती खरखर पुढे आणून ठेवतो. आपला संग्रह पाहता सौम्य स्वभावाचाच स्पीकर निवडावा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर जोडणाऱ्या तारेवर जास्त खर्च करू नये. चार मीटरपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पुरते.

प्रश्न : जुन्या स्पीकरच्या वूफरची फोमची कड हात लावताच भुगा होऊन पडते. स्पीकर टाकून द्यावेत का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : मुळीच टाकू नयेत. दमट हवेत फोम असाच विरतो. कोन (वूफरचा शंकूसारखा पडदा) आणि त्याला हलवणारी कॉइल बहुधा शाबूत असतात. दोन्ही हातांची बोटे कोनवर सारख्या अंतरावर ठेवून तो अलगद आत दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला नाही, तर जाणकार कारागिराकडून दोन्ही वूफरची कड एकाच वेळी बदलून घ्यावी. नवी कड मूळ कडेच्या मापाची आणि तितकीच लवचीक असावी, नाहीतर खालचा आवाज बदलतो. पुढे नवे स्पीकर घ्याल तेव्हा रबरी कडेचे घ्यावेत आणि पेटी एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) असेल, तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीपासून ती दूर ठेवावी.