घरदुरुस्ती : वरचाच कमोड का तुंबतो?

प्रश्न : आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं. खाली देशी भांडं आहे, त्याची कधीच तक्रार नाही. मागच्या वर्षी सासऱ्यांसाठी माडीवर कमोड बसवला, तो मात्र पंधरवड्याला तुंबतो. फ्लश केला की पाणी वर येतं, मग सावकाश उतरतं, आणि शेजारच्या बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. प्लंबर स्प्रिंग मारून जातो, चार दिवस बरे जातात. मिस्टर दर रविवारी अॅसिड ओततात. भांडं बदलायचं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, भांड्याला हात लावू नका. आणि दाजींच्या हातातली ती बाटली आधी काढून घ्या. कापूस, केस, पॅड अॅसिडनं विरघळत नाहीत. सिमेंटचे सांधे मात्र ते खातं. त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरिन वायू होतो, आणि दार लावलेल्या संडासात तो जिवावर बेततो.

तुमची गुडगुडच सगळं सांगते. पाण्यापुढे पाईपमधली हवा ढकलली जाते, तिला वाट नसली की ती बाथरूमच्या ट्रॅपमधून, म्हणजे जाळीखाली पाणी धरून वास अडवणाऱ्या वळणातून, फुटते. बाथरूमला अधूनमधून वास येत असेल तर ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातंय. खालचं भांडं ठीक, म्हणजे सेप्टिक टाकीला दोष नाही. दुखणं कमोड आणि चेंबरच्या मधे आहे.

पेठेतल्या घरांत माडीवरचा संडास मागाहून येतो. बोळाच्या बाजूला जागा नसते, मग पाईप स्लॅबखालून आडवा परसात नेतात, काटकोनी एल्बो मारतात आणि ढाळ देवाच्या भरवशावर सोडतात. चार इंची पाईपला फुटामागे पाव इंच ढाळ हवा, म्हणजे बारा फुटांना तीन इंच. लेव्हल पट्टी लावून बघा.

त्याआधी फुकटची परीक्षा. चेंबरचं झाकण काढून दाजींना तिथं उभं करा. कमोडमधलं पाणी उतरलेलं असताना वरून भरलेली बादली एका दमात ओता. पाणी धाडकन खाली आलं तर पाईप मोकळा आहे. मग दोष फ्लशचा. त्याच्या टाकीत बघा, पाणी वाचवायला कुणी बाटली ठेवली असेल किंवा बोअरच्या पाण्यानं कमोडच्या कडेची भोकं क्षारानं बुजली असतील. कमोड भरून आला आणि चेंबरात नुसती धार लागली, तर पाईपच. माझा कौल पाईपलाच.

काम असं सांगा : काटकोनी एल्बोच्या जागी पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड, ढाळ दुरुस्त, आणि गॅस पाईप, म्हणजे संडासाच्या पाईपमधल्या हवेला वाट देणारा उभा पाईप, छपराच्या वर नेऊन त्याला जाळीची टोपी. तो मुळात बसवलाच नसेल, अशी मला दाट शंका आहे.

पावसाळ्यात खालचंही भांडं तुंबलं तर तो आजार वेगळा. काळ्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही, टाकी भरून येते. तेव्हा सक्शनची गाडी बोलवा, टाकीत माणूस उतरवू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात कोसळतो; सुरक्षासाधनांशिवाय उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदीही आहे.

आणि वळणावर डोअर बेंड, म्हणजे उघडता येणाऱ्या झाकणाचा बेंड, मागून घ्या, म्हणजे पुढं स्प्रिंग तिथूनच जाईल. दिसायला वाईट म्हणून गवंडी त्याचं झाकण टाईलमागं गाडायला बघेल. तेवढा वेळ तिथं स्वतः उभ्या राहा.