विरघळणारा स्क्रू आणि लेकीचं करिअर

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत माझं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. मुलगी सांगलीत बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मॅग्नेशियमच्या इम्प्लांटवरील कोटिंगमध्ये संशोधन करायचंय. गंजणारा धातू शरीरात घालायचाच कशाला? आणि यात पोट भरेल का?

उत्तर : नमस्कार. हाड जुळलं की स्टील किंवा टायटॅनियमचा स्क्रू काढायला कधी कधी दुसरं ऑपरेशन करावं लागतं. मॅग्नेशियमचा स्क्रू शरीरातच विरघळून जातो, म्हणून हा खटाटोप. मात्र तो फार लवकर विरघळतो. १९०७ मध्ये लाम्बॉट या बेल्जियन सर्जननं पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची प्लेट स्टीलच्या खिळ्यांनी बसवली. ती आठ दिवसांत विरली आणि कातडीखाली हायड्रोजन साठला. दोन धातू एकत्र आले की आधी कोण खपतो, हे तुम्हाला काय सांगायचं! जस्त आधी खपतं आणि लोखंड वाचतं, तुमचा धंदाच त्यावर चालतो; तिथे स्टीलपुढे मॅग्नेशियम खपलं.

फरक एवढाच की तुम्ही गंज रोखायची हमी देता, इथे गंज लांबवायचा असतो. हाड जुळेपर्यंत कोटिंगनं दम धरावा आणि पुढे वाटेत येऊ नये. त्यासाठी कॅल्शियम फॉस्फेट, मायक्रो-आर्क ऑक्सिडेशन (विजेच्या ठिणग्यांनी धातूवर चढवलेला ऑक्साइड), विरघळणारे पॉलिमर असे थर वापरतात. थरात एक पिनहोल, म्हणजे सुईच्या टोकाएवढं छिद्र, राहिलं तरी गंज तिथूनच खोल शिरतो.

आता पोटाचं. ‘मॅग्नेशियम इम्प्लांट’ एवढ्याच नावानं नोकरी शोधली तर आपल्याकडे हाती फारसं लागणार नाही. म्हणून विषय तो ठेवा, पण कौशल्य इलेक्ट्रोकेमिस्ट्री आणि गंजशास्त्राचं कमवा. ते पेंट, बॅटरी, पाइपलाइन सगळीकडे चालतं. जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येईल, नाहीतर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आहेच. पुढे पीएच.डी.ला पर्याय नाही. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, म्हणजे घरावर भार नाही. कराईकुडीचं सीएसआयआर-सीईसीआरआय (इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची संशोधन संस्था), हैदराबादचं एआरसीआय (धातू-पावडर आणि नव्या पदार्थांचं संशोधन केंद्र) आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा ही वैद्यकीय तंत्रज्ञानाची संस्था तिनं नजरेसमोर ठेवावी.

आवड खरी आहे की नुसतं आकर्षण, हे यंदाच्या प्रोजेक्टवर कळेल. मॅग्नेशियमचा तुकडा मिठाच्या पाण्यात ठेवायचा, वर उलटं नरसाळं आणि पाण्यानं भरलेली उलटी ब्युरेट (मापाच्या खुणांची काचनळी). बुडबुडे वर साठतात. १ मिलिलिटर हायड्रोजन जमला की साधारण १ मिलिग्रॅम धातू गेला. कोटिंगवाला आणि बिनकोटिंगचा तुकडा शेजारी ठेवून आठवडाभर रोज नोंदी घ्यायच्या. हे कंटाळवाणं काम जिला गोड लागतं, तिनं या वाटेला जावं.

सुट्टीत तिला तुमच्या टाक्यांवर उभी करा. डिग्रीसिंग, म्हणजे धातूवरचा तेलकटपणा काढणं, नीट झालं नाही तर थर कसा सुटतो, हे वर्गात दिसत नाही. फक्त मॅग्नेशियम तुमच्या ग्राइंडरला लावू देऊ नका. कीस पेटला तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची.